जाहिरातीपुढे थांबायला शिकवताना: पालकांनी घरच्या घरी करायच्या पायऱ्या

‘जाहिराती खोट्या असतात, लक्ष देऊ नकोस’ असं आपण मुलांना सांगतो. मूल मान डोलावतं आणि संध्याकाळी तीच वस्तू पुन्हा मागतं. आपण चिडतो, पण मुलाचं काही चुकलेलं नसतं. बहुतेक जाहिराती सरळसरळ खोटं बोलतच नाहीत. त्या वस्तूभोवती मित्र, हसू, वेग आणि गाणं उभं करतात, आणि मुलाला मोह पडतो तो या सगळ्याचा. ‘खोटं आहे’ हे उत्तर तिथे लागूच पडत नाही.

माझ्या दोन मुलांच्या निमित्ताने मी या विषयात शिरलो आणि एक गोष्ट लवकरच लक्षात आली. जाहिरातीच्या युक्त्या तोंडपाठ असलेलं मूलसुद्धा दुकानात वस्तू समोर आली की विरघळतं. या विषयावर काम करणारेही हेच सांगतात: समोरचा आपल्याला काही विकू पाहतोय हे कळलं म्हणून परिणाम थांबत नाही, मोठ्यांच्या बाबतीतही नाही. म्हणून खालच्या काही पायऱ्या समज वाढवण्यासाठी आहेत आणि काही थांबण्याची सवय लागण्यासाठी. घाई असेल तर पायरी ६ आधी सुरू करा, बाकीच्या सावकाश जोडा.

सुरुवात करण्याआधी: वय बघा

चार-पाच वर्षांच्या मुलाला कार्यक्रम थांबून जाहिरात लागली हे कळतं, कारण आवाज बदलतो, चित्रं बदलतात. पण ‘ही मला काहीतरी विकण्यासाठी बनवली आहे’ हे त्याला उमगत नाही. ते साधारण सात-आठ वर्षांपासून उमगू लागतं आणि बाराच्या आसपास पक्कं होतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ साली हेच कारण देऊन आठ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर निर्बंध घालण्याची शिफारस केली होती. स्वीडनमध्ये १९९१ पासून बारा वर्षांखालच्या मुलांसाठी टीव्हीवर जाहिरात करायला बंदी आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी अशी बंदी १९८० पासून लागू आहे. तेव्हा तुमचं पाच वर्षांचं मूल जाहिरातीला भुलत असेल तर ते त्याच्या वयाला धरूनच आहे. त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्यासमोर येणाऱ्या जाहिराती कमी करा आणि पायरी १ चा खेळ खेळा, तेवढं पुरे.

सात ते दहा हे वय या कामाला सगळ्यात चांगलं. या वयात मुलांना युक्ती पकडण्यात खरा आनंद वाटतो. अकराच्या पुढच्यांना मात्र शिकवणी नकोशी होते. त्यांच्याशी बोलताना तुमचं मत बाजूला ठेवून त्यांचं मत विचारा, आणि पायरी ५ व ६ वर भर द्या.

काय काय लागेल

- एक वही. ती मुलाचीच, तिच्यात आपण लिहायचं नाही.
- मोजपट्टी.
- व्हिडिओ थांबवता येईल असा कुठलाही पडदा.
- घरात आधीच असलेलं एखादं खेळणं, ज्याची जाहिरात अजून इंटरनेटवर सापडते. खोका शिल्लक असेल तर फारच छान.
- दोन सारखे पेले, थोडा रंगीत कागद आणि मुलाच्या आवडीची चित्रं.
- भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर.

पैसे खर्च करून काहीही आणू नका. जाहिरातीबद्दल शिकण्यासाठी खरेदी करायची गरज नाही.

पायरी १: जाहिरात कुठे कुठे आहे ते शोधा

सुट्टीचा एक दिवस निवडा. सकाळपासून रात्रीपर्यंत जिथे जिथे जाहिरात दिसेल तिथे मुलाने वहीत एक रेघ मारायची. पहिल्या तासाभरात मुलं फक्त टीव्ही आणि मोठे फलक धरतात. मग तुम्ही हळूच विचारा: तुझ्या टी-शर्टवर हे नाव का छापलंय? गेममध्ये पुढची पातळी उघडायला तो व्हिडिओ बघावा लागला, तो काय होता? खेळाडूच्या बाहीवर कोणाचं नाव आहे? दप्तरावरचं कार्टून कुठून आलं?

अवघड प्रकार शेवटी ठेवा. व्हिडिओत एखादी ताई किंवा दादा खोका उघडून ‘वॉव’ म्हणतो, तेव्हा मुलाला ती मैत्री वाटते, जाहिरात वाटत नाही. अशा व्हिडिओच्या कोपऱ्यात किंवा खालच्या मजकुरात ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘स्पॉन्सर्ड’, ‘पेड पार्टनरशिप’ असे शब्द कधी असतात, कधी नसतात. ते शोधायला लावा. सापडले नाहीत तरी एक प्रश्न उरतोच: ही वस्तू याने विकत घेतली, की याला कोणीतरी पाठवली?

संध्याकाळी रेघा मोजा. भाष्य करू नका. आकडा पाहून मूल स्वतःच काहीतरी म्हणेल, ते ऐका.

पायरी २: तीन प्रश्न तोंडी बसवा

ही जाहिरात कोणी केली? त्याला मी काय करायला हवंय? त्याने काय सांगितलेलं नाही?

एवढे तीनच. चौथा घालायचा मोह आवरा. लहान मुलांना पहिले दोन पुरतात. तिसरा प्रश्न सगळ्यात कसदार आहे आणि तो जमायला वेळ लागतो, कारण जे दिसतं त्याबद्दल बोलणं सोपं असतं, जे दिसत नाही ते आधी शोधावं लागतं. त्यासाठीच पुढची पायरी.

पायरी ३: जाहिरात थांबवून, पट्टी घेऊन बघा

घरातलं खेळणं आणि त्याची जाहिरात, दोन्ही समोर ठेवा. आधी जाहिरात एकदा सलग बघू द्या. मग पुन्हा लावा आणि दर दोन-तीन सेकंदांनी थांबवा. प्रत्येक चित्रावर मुलाने बोट ठेवून सांगायचं की इथे काय दिसतंय.

आमच्याकडे हे एका छोट्या शर्यतीच्या गाडीवर केलं. जाहिरातीत ती गाडी पडदाभर होती, धुळीचा लोट उडवत वळण घेत होती. धाकट्याने गाडी पट्टीवर ठेवली: सात सेंटिमीटर. मग त्याने एक चित्र अगदी योग्य जागी थांबवलं. तिथे कडेला एका मुलाची दोन बोटं दिसत होती. ‘बाबा, ही गाडी स्वतः पळत नाहीये, याने ढकललीय!’ त्यानंतर आम्ही आवाज बंद करून तीच जाहिरात बघितली. इंजिनाची घरघर गेली, संगीत गेलं, आणि उरली जमिनीवर सरकणारी प्लास्टिकची गाडी. शेवटच्या चित्रात तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती की दाखवलेला रस्ता आणि इतर गाड्या सोबत मिळत नाहीत. ती ओळ वाचायला त्याला पडद्याला नाक लावावं लागलं. ‘वाचायचीच नसेल तर लिहितात कशाला?’ असं त्याने विचारलं. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर सरळ द्या: नियमात बसायला लिहावी लागते, पण विक्रीला तिचा उपयोग नसतो.

बघताना या गोष्टी तपासा: कॅमेरा किती खालून धरलाय, एकाच खेळासाठी एकूण किती वस्तू मांडल्यात, खेळणारी मुलं किती वेळ हसतायत, कोणी एकटं खेळतंय का, आणि वस्तू प्रत्यक्ष चालताना सलग किती सेकंद दाखवलीय. शेवटचा मुद्दा खास बघा. चित्र सारखं तोडलेलं असेल तर का तोडलंय, हे मुलाला विचारा.

थोड्या मोठ्या मुलांना दोन खऱ्या गोष्टी जरूर सांगा. अमेरिकेत कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या दाढीच्या क्रीमची एक जाहिरात होती. क्रीम इतकं जोरदार की सँडपेपरवर लावून वस्तरा फिरवला तर वाळूसुद्धा निघून येते, असं त्यात दाखवलं होतं. प्रत्यक्षात कॅमेऱ्यासमोर सँडपेपर नव्हताच, पारदर्शक प्लास्टिकवर वाळू चिकटवलेली होती. खरा सँडपेपर तसा भादरायचा तर आधी सुमारे ८० मिनिटं भिजवून ठेवावा लागला असता. हे प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ साली निकाल कंपनीच्या विरोधात लागला. दुसरी गोष्ट कॅम्पबेलच्या सूपची. जाहिरातीतल्या वाडग्यात भाज्यांचे तुकडे वर दिसावेत म्हणून तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. ग्राहकांचं संरक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने, फेडरल ट्रेड कमिशनने, ते थांबवलं. मुलांना या गोष्टी फार आवडतात. गोट्यांचा प्रयोग तर ती पाण्याच्या वाडग्यात लगेच करून बघतात, बघू द्या.

पायरी ४: युक्त्यांची वही भरा

आता वहीत प्रत्येक युक्तीला एक पान. नाव मुलानेच ठेवायचं. आमच्या घरात ‘आत्ताच घ्या’ला ‘घाईवाली’ आणि संच पुरा करायला लावणाऱ्या खेळण्यांना ‘अजून एक’ अशी नावं पडली होती. स्वतः ठेवलेलं नाव दुकानात पटकन आठवतं.

सारखं सारखं दाखवणं ही सगळ्यात साधी युक्ती, आणि सगळ्यात कमी पकडली जाणारी. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं की अनोळखी शब्द किंवा चिन्हं नुसती वारंवार समोर आली तरी माणसांना ती जास्त आवडू लागतात. कारण काहीच नाही, फक्त ओळख. म्हणून ‘मला हे का आवडतं?’ याचं खरं उत्तर कधीकधी ‘खूपदा पाहिलंय म्हणून’ एवढंच असतं.

आवडतं पात्र वेष्टनावर छापणं ही दुसरी. ही सांगू नका, करून दाखवा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ साली ३ ते ५ वर्षांच्या ६३ मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. अगदी सारखाच खाऊ दोनदा द्यायचा, एकदा साध्या वेष्टनात आणि एकदा मॅकडोनाल्ड्सच्या. बहुतेक पदार्थांत मुलांनी नाव छापलेल्या वेष्टनातला जास्त चवदार ठरवला, गाजर आणि दूधसुद्धा. घरी हाच प्रयोग दोन पेल्यांवर होतो. मुलाला आवडणारं एकच पेय दोन्हीत ओता, एकाला रंगीत कागद आणि आवडत्या पात्राचं चित्र गुंडाळा, दुसरा साधा ठेवा. चव सांगायला लावा. मग दोन्ही एकाच भांड्यातून ओतले होते हे त्याच्यासमोर उघड करा. आणि लगेच पुढची पाळी मुलाला द्या: त्याने हाच प्रयोग आजी, काका, शेजारी यांच्यावर करायचा. मोठी माणसंही फसतात हे मुलाने स्वतः बघायला हवं, नाहीतर प्रयोगातून फक्त ‘मी बावळट ठरलो’ एवढंच त्याच्या मनात राहतं.

‘आईबाबांना सांग’ ही तिसरी. १९५२ साली मिस्टर पोटॅटो हेड हे टीव्हीवर जाहिरात झालेलं पहिलं खेळणं ठरलं, आणि ती जाहिरात थेट मुलांशी बोलत होती. पैसे मोठ्यांकडे असतात, पण हट्ट मुलांकडे असतो, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. आज युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशात, आणि भारताच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही, मुलांना ‘विकत घ्या’ किंवा ‘पालकांना घ्यायला लावा’ असं थेट उद्युक्त करण्याला मनाई आहे. थेट शब्द गेले, पण सूर राहिलाच. जाहिरातीत मोठी माणसं कंटाळवाणी आणि वस्तू आणल्यावर एकदम छान का होतात, ते मुलाला विचारून बघा.

बाकीची पानं आपोआप भरतात: प्रसिद्ध माणूस, फुकट भेटवस्तू, डोक्यात घोळणारं गाणं, ९९ ने संपणारी किंमत, ‘फक्त थोडेच शिल्लक’.

पायरी ५: गेम आणि व्हिडिओ यांच्याकडे वेगळं बघा

इथे जाहिरात आणि दुकान एकाच पडद्यावर आहेत आणि मध्ये फक्त एक बटण आहे. त्यामुळे इथे बोलण्याआधी सेटिंग बदला. प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा, कार्डाची माहिती मुलाच्या खात्यात साठवू नका, आवडीनुसार जाहिराती दाखवण्याचा पर्याय बंद करा आणि मुलाचं खातं त्याच्या खऱ्या वयानेच उघडा. वय वाढवून टाकलं की मुलांसाठी असलेलं सगळं संरक्षण एका झटक्यात जातं.

हे काही पालकांचे मनाचे खेळ नाहीत. मुलांनी पालकांच्या परवानगीशिवाय ॲपमध्ये केलेल्या खरेदीबद्दल ॲपलला २०१४ साली अमेरिकेत किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचं मान्य करावं लागलं. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सने २०२२ साली २४ कोटी ५० लाख डॉलरचा परतावा मान्य केला. बटणांची रचनाच अशी होती की खेळाडूंकडून नको असलेली खरेदी होत होती, असा आरोप होता. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या प्रकरणात गूगल आणि यूट्यूबने २०१९ साली १७ कोटी डॉलर भरले. बेल्जियममध्ये २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या ‘लूट बॉक्स’ना, म्हणजे आत काय निघेल हे आधी कळत नाही अशा गेममधल्या पेट्यांना, जुगाराच्या कायद्यात धरलं गेलं. ज्या रचनांपुढे सरकारांना उभं राहावं लागलं, त्यांच्यापुढे दहा वर्षांच्या मुलाने केवळ निश्चयाने टिकावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

मुलासोबत गेम उघडून बसा आणि दोन गोष्टी शोधा. एक, गेममधलं नाणं किंवा रत्न खऱ्या पैशांत किती? हे गणित मुलालाच करू द्या. नाणी अशा गठ्ठ्यांत विकतात की हव्या त्या वस्तूला लागतील तेवढीच कधी घेता येत नाहीत, थोडी उरतात, आणि उरलेली नाणी पुन्हा खेचतात. हे त्याचं त्याला सापडलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. दोन, घड्याळ उलटं कुठे चालतंय? वेळ संपल्यावर खरंच संधी गेली का, हे दुसऱ्या दिवशी येऊन तपासा.

पायरी ६: ‘यादीत टाकू’

हीच मुख्य पायरी. वर शिकलेलं सगळं ज्या क्षणी कामाला यायला हवं त्या क्षणी मूल विचार करत नसतं, ते नुसतं मागत असतं. म्हणून त्या क्षणी विचार करायला सांगण्याऐवजी क्षणच पुढे ढकलायचा.

वहीच्या मागच्या बाजूला चार रकाने आखा: काय हवंय, कुठे पाहिलं, कशासाठी हवंय, आजची तारीख. मुलाने काहीही मागितलं की ‘नाही’ म्हणायचं नाही आणि ‘हो’ही म्हणायचं नाही. ‘यादीत टाकू’ म्हणायचं आणि खरोखर टाकायचं. छोट्या वस्तूला एक आठवडा, मोठ्या वस्तूला एक महिना. मुदत कॅलेंडरवर मूलच लिहील. मुदत संपली की तुम्ही स्वतःहून विचारायचं: ‘आज तारीख आहे, अजून हवंय का?’

हे विचारणं चुकवू नका. मूल विसरलं म्हणून गप्प बसलात तर दोन-तीन वेळांतच त्याला कळतं की यादी म्हणजे नकाराचं दुसरं नाव आहे, आणि मग हट्ट दुप्पट जोराने परत येतो. आणि हवंय म्हणालं, परवडणारं असलं, हरकत नसली तर घ्या. यादीतून वस्तू खरोखर येतात हा विश्वास बसला तरच मूल थांबायला तयार होतं.

पुष्कळ वस्तू मूल स्वतःच खोडतं. त्या वेळी ‘बघ, मी म्हटलं होतं ना’ हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळा.

‘कशासाठी’ हा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. माझ्या मुलीने एकदा चमकणारी पेन्सिलपेटी लिहिली. ‘कुठे पाहिलं’मध्ये लिहिलं, ‘वर्गात’. पुढचा रकाना कोरा. चार-पाच दिवसांनी तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरांत एक ओळ आली: ‘सगळ्याजणी तिच्या बाकाभोवती असतात म्हणून.’ मग पेन्सिलपेटीबद्दल बोलण्यासारखं फार उरलं नाही, बोलायचं होतं ते मधल्या सुट्टीत ती कोणासोबत बसते याबद्दल. तसं आम्ही बोललो, आणि पुढच्या रविवारी दोन मैत्रिणींना घरी बोलावलं. जाहिरात अशाच खऱ्या गरजेला हात घालते. गरज खरी आहे हे मान्य करा, तरच मूल मोकळं बोलेल.

दुकानात जाण्याआधी दारातच ठरवून घ्या: आज काय घ्यायचं, आणि बाकी सगळं यादीत. मुलाला हेही दाखवा की त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कुठल्या वस्तू मांडल्यात आणि बिलाच्या रांगेत हाताशी काय ठेवलंय. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना जास्त साखर, मीठ, चरबी असलेले ठरावीक पदार्थ बिलाच्या काउंटरपाशी आणि प्रवेशद्वाराजवळ मांडायला मनाई आहे. जागेला एवढं महत्त्व आहे.

पायरी ७: मुलाला जाहिरात बनवू द्या

घरातली मोडकी वस्तू घ्या. अट एकच: एकही खोटा शब्द नाही. धाकट्याने चाक निखळलेल्या ट्रकची जाहिरात केली होती: ‘असा ट्रक तुमच्या एकाही मित्राकडे नसेल! घसरत नाही, पळून जात नाही, जिथे ठेवाल तिथेच थांबतो!’ सगळं खरं. कागदाच्या मागच्या बाजूला मग ‘न सांगितलेलं’ लिहायचं: चाक नाही, चालत नाही. खरं बोलूनही भुलवता येतं, हे मुलाला असं स्वतःच्या हाताने केल्यावर जितकं कळतं तितकं ऐकून कळत नाही.

पायरी ८: थोडे पैसे आणि पूर्ण निर्णय

मुलाला ठरावीक रक्कम ठरावीक दिवशी द्या आणि त्यातल्या खरेदीत बोलू नका, सुरक्षेचा प्रश्न नसेल तोवर. वस्तू आल्यावर आठवड्याने वहीत दोन ओळी: जाहिरातीत काय वाटलं होतं, हातात काय आलं. निराशा झाली तर ती होऊ द्या, भरपाई म्हणून दुसरी वस्तू आणू नका.

हे खड्डे टाळा

चारचौघांत, विशेषतः मित्रांसमोर, ‘जाहिरातीला भुललास’ म्हणून हसू नका. एकदा हसलात की मूल तुमच्यापासून इच्छा लपवू लागतं, आणि लपवलेल्या इच्छेवर बोलता येत नाही.

फक्त बंदीवर विसंबू नका. लहानपणी ती हवीच, पण नेदरलँड्समधल्या संशोधनात असं दिसलं की जाहिरातींबद्दल घरात मोकळी चर्चा होणं हे नुसत्या बंधनांपेक्षा जास्त परिणामकारक ठरतं.

प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघणारं मूल घडवायचं नाही. काही जाहिराती उपयोगी माहिती देतात, काही खरंच सुंदर असतात. लसीकरणाची किंवा वाहतूक सुरक्षेची जाहिरातही जाहिरातच आहे. तिलाही तेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वेगळी का येतात ते बघा.

आणि आपली स्वतःची खरेदी. मुलाची पेन्सिलपेटी महिनाभर यादीत आणि आपला नवा फोन सवलत दिसली म्हणून त्याच रात्री, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. तुमच्याही वस्तूंची यादी त्याच वहीच्या शेजारी लावा आणि मुदत संपल्यावर मुलाला तुम्हाला विचारू द्या.

पायरी ९: चूक दिसली तर तक्रार करा

जाहिरातीतला दावा प्रत्यक्षात खोटा निघाला तर मुलासोबत तक्रार लिहा. बऱ्याच देशांत त्यासाठी संस्था आहेत: भारतात १९८५ पासून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, ब्रिटनमध्ये १९६२ पासून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी, अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन. तक्रार पालकांच्या नावाने करा आणि मुलाचं नाव किंवा फोटो कुठेही जोडू नका.

सोबत हे तयार ठेवा: जाहिरातीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट, ती कुठे, कोणत्या तारखेला आणि किती वाजता दिसली, ऑनलाइन असेल तर तिची लिंक, दाव्याचे नेमके शब्द, आणि वस्तू घेतली असेल तर बिल व खोका. मजकूर लहान ठेवा: काय सांगितलं होतं, काय मिळालं, काय खटकलं. राग, विशेषणं गाळा. पहिला मसुदा मुलाला लिहू द्या. खटकलेली गोष्ट मूल बहुतेक वेळा आपल्यापेक्षा सरळ शब्दांत लिहितं, तुम्ही फक्त तारखा आणि नावं तपासा. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा तक्रारीचा क्रमांक वहीतच लिहून ठेवा, आणि कॅलेंडरवर चौकशीची तारीखही.